मोटारीखालची शेगडी

सेहेचाळीस सालच्या पौषात मेढ्याला असा गारठा पडला, की साताऱ्याला जाणारी सकाळची मोटार रोज अडू लागली. हँडल मारून मारून ड्रायव्हर आकारामचे खांदे भरून येत. शेवटी उतारूंनी खाली उतरून ढकलली, म्हणजे ती खोकत चालू व्हायची.

आकारामनं लढाईत इटलीला लष्करी ट्रक चालवले होते. तिथं बर्फात इंजिनाखाली स्टोव्ह ठेवत, ते त्यानं पाहिलं होतं. एका सकाळी त्यानं हॉटेलातून निखाऱ्यांची शेगडी आणली आणि इंजिनाखाली सरकवली.

राहीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याला निघाली होती. ती वाकून बघत म्हणाली, "मोटार बाळंत झालीया का रं? बाजंखाली ठेवल्यागत शेगडी ठेवलीस."

"न्हाई मावशी. इंजिनातलं त्याल थंडीनं काकवीवानी घट्ट झालंय. जरा पातळ होऊ द्या."

तो चहा पिऊन आला, तर इंजिन गारच. शेगडी पार भिंतीच्या आडोशाला गेली होती आणि भोवती सगळे उतारू उकिडवे बसले होते. नाथाजी पैलवान तिच्यात शेंगा भाजत होता.

"तुज्या इंजिनापरीस आमी लय गारठलोय," नाथाजी म्हणाला.

आकारामनं शेगडी परत इंजिनाखाली ठेवली आणि राहीबाईला राखणीला बसवलं. "कुणाला हात लावू देऊ नगा."

अर्ध्या तासानं तो शेगडी काढायला वाकला, तर राहीबाईनं त्याच्याच मनगटावर काठी हाणली.

"आवं, मी ड्रायव्हर हाय."

"कुणाला म्हंजी कुणालाच न्हाई."

बरीच समजूत घातल्यावर ती उठली आणि गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. नाथाजीनं शेगडी लगेच आडोशाला नेली. इकडं पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झालं. आकारामला एवढा आनंद झाला, की बंद पडायच्या आत त्यानं गाडी हाणली.

दोन मैलांवर राहीबाई म्हणाली, "आज कुणी बोलंना कसं?"

आकारामनं मागं पाहिलं. सगळी बाकं रिकामी.

इंजिन चालू ठेवूनच त्यानं मोटार माघारी आणली. उतारू अजून शेगडीभोवतीच होते.

"जरा थांब गड्या," नाथाजी म्हणाला, "एवढ्या शेंगा होऊ देत."

राहीबाई काठी घेऊन खाली उतरली. मग मात्र मोटार भरायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आकाराम हॉटेलातून दोन शेगड्या आणू लागला.