खाकी फडकं

साहेबराव वकिलांनी फळ्यावर चौकोन काढला, चौकोनात खडू दाबून एक खड्डा काढला आणि खडू मल्हारीच्या हातात दिला.

“मेंढरं कुठून शिरली, तिथं फुली मार.”

मल्हारीनं बिडी धरावी तसा खडू धरला. फुली चौकोनाच्या बाहेरच पडली. मुलं हसली. वकिलांनी डस्टर शोधलं. ते नेहमीप्रमाणे सापडलं नाही. मग तळहातानं फुली पुसून त्यांनी ती स्वतःच योग्य जागी काढली.

उस्मानपुऱ्यातल्या त्या माडीवर सकाळी, कोर्टाच्या वेळेआधी, लॉच्या पहिल्या वर्षाची शिकवणी चाले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन सात वर्षं झाली होती आणि बंदमुळे या आठवड्यातले दोन तास बुडाले होते. “पदवीवर विद्यापीठाचं नाव कोणतं छापतील ते देव जाणे,” वकील म्हणत, “टॉर्टचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, कायदा मात्र तोच राहील.” मल्हारी त्यांचा पक्षकार. त्याचं गाऱ्हाणंही ऐकून होईल आणि आजचा धडाही होईल, म्हणून त्यांनी त्याला वर्गातच उभं केलं होतं. त्याची बायको बानाबाई दाराशी गाठोडं घेऊन बसली होती.

“एक केमिकल कंपनी. मोकळ्या प्लॉटवर सांडपाण्याचा खड्डा. कुंपण नाही. याची त्र्याहत्तर मेंढरं ते पाणी प्यायली. उरली किती रे?”

“अकरा, साहेब. त्यातली दोन आंधळी झाली.”

“आंधळ्यांचं पुढच्या धड्यात बघू. कंपनीवर दायित्व येतं का?”

पुंडलिक नावाचा मुलगा उठला. “येतं, सर. धोकादायक वस्तू जागेत ठेवली, की हानी मालकाच्या माथी. चूक नसली तरी.”

“ती वस्तू जागेबाहेर निसटली तर, पुंडलिकराव! पाणी गेलं का कुठं? पाणी बिचारं आपल्या जागी बसून होतं. मेंढरंच त्याच्याकडं गेली.”

वर्ग पुन्हा हसला. हसू ओसरेपर्यंत वकील थांबले.

“आता एकच वाट. आपणहून शिरलेला आणि बोलावून आलेला, यांत कायदा फरक करतो. बोलावलेल्याला धोका सांगावा लागतो. मल्हारी, कंपनीच्या माणसानं, अगदी वॉचमननं का होईना, तुला बोलावलं असं दाखवून दे. भरपाई मी काढतो. नाहीतर ही फाइल घे आणि जा.”

बानाबाई उठली. तिची नजर पहिल्या बाकावर होती.

“आवं, ही तर—”

“बाने, गप ऱ्हा.”

पहिल्या बाकावर आशा होती, बद्रीनाथची मुलगी. कंपनीनं घेण्याआधी तो प्लॉट बद्रीनाथचं रान होता. वीस वर्षं, दिवाळी सरली की मल्हारी तिथं मेंढरं बसवायचा आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी न्यायचा. पण कळप आपण होऊन कुणाच्या रानात उतरत नाही. रानवाल्याकडून आधी भाकरी यावी लागते. रान गेल्यावर बद्रीनाथला त्याच रानावर वॉचमनची नोकरी मिळाली. मोकळ्या कोपऱ्यात तो अजून चोरून ज्वारी पेरायचा, आणि ज्वारीला मालक बदलल्याचं कळत नाही; खत लागतंच. यंदाही मल्हारीच्या तळावर भाकरी आली होती, बद्रीनाथच्या वर्दीतल्या जुन्या खाकी शर्टाच्या फडक्यात. घेऊन आशाच आली होती. “बाबांनी सांगितलंय, मामा, पाच रात्री बसवा.”

“बोल की!” वकील म्हणाले. “कोणी बोलावलं?”

मल्हारीनं आशाकडं पाहिलं. ती वहीत समास आखत होती. पट्टी सरकली, रेघ वाकडी गेली. तिनं ती खोडली आणि पुन्हा आखली.

“कोणी नाय, साहेब. सवयीनं गेलो.”

“ऐकलंत? आशा, लिही उत्तर. आणि वाच.”

आशानं लिहिलं. उभी राहून स्वच्छ आवाजात वाचलं. “मेंढपाळ विनापरवाना शिरला. त्याला कोणीही बोलावले नव्हते. सबब कंपनीवर दायित्व येत नाही.”

“दहापैकी दहा. तो ‘कोणीही’ बघा. तिथं तुमचा अर्धा गुण गेला असता.”

मल्हारीनं फाइल उचलली. बानाबाईनं गाठोडं सोडलं आणि धुतलेलं खाकी फडकं आशाच्या बाकावर ठेवलं. भाकरीचं फडकं रिकामं परत करायचं नसतं; तिनं त्यात मूठभर शेंगा बांधल्या होत्या.

“तुमच्या घरचं ऱ्हायलं व्हतं, पोरी.”

दोघं जिना उतरली.

“ओळखीची आहेत का गं?” वकिलांनी विचारलं.

“नाही, सर.”

“मग दे इकडं. डस्टर नाहीच आज.”

त्यांनी शेंगा टेबलावर ओतल्या, एक फोडून तोंडात टाकली आणि फळा पुसायला घेतला. चौकोन सहज गेला. खड्ड्याला दोनदा घासावं लागलं. खाकीवर कंपनीचं पितळी बटण अजून जागेवर होतं, ते फळ्यावर करकरलं.

“लिहून घ्या,” वकील म्हणाले. “उदाहरण दुसरं.”

आशानं पान उलटलं आणि समास आखला. या वेळी रेघ सरळ आली.