सीटखालच्या अक्षता

"मावशी, तुमाला ही गाडी चालवता येती का?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. कावेरी आणि श्रीनिधी रस्त्यापलीकडे सायकली धरून उभ्या होत्या. सुलामावशीला हे विचारायची माझी हिंमत होणार नाही, अशी त्यांची पैज होती. कारण मागे एका पोराने दुकानात उगीच हॉर्न वाजवला, तर मावशीने हातात पाना घेऊन त्याला चौकापर्यंत पळवलं होतं. पण भाषणाच्या स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून मला कुणालाही काहीही विचारता येतं.

मावशीने बॉनेटमधून डोकं वर काढलं नाही. "हा टॉर्च धर," एवढंच म्हणाली.

मी धरला.

सुलामावशीचं दुकान पूर्णेत ताडकळस रोडला आहे. पाटीवर अजून 'लिंबाजी ऑटो इलेक्ट्रिक' असंच लिहिलेलं आहे. लिंबाजीकाका होते तेव्हा ते बाहेर गाड्यांत हात घालायचे आणि मावशी आत बसून स्टार्टर, डायनॅमो उघडायची. काका वारले आणि ती बाहेर आली. ट्रॅक्टरवाले येत राहिले, जीपवाले थोडे कमी झाले.

समोरची लाल गाडी महारुद्रकाकांची होती. त्यांचा बँड आहे. दोन दारांची, छप्पर मागे जाणारी ही जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी हैदराबादहून आणली. गावातले नवरा-नवरी तिच्या मागच्या बाजूला उंचावर बसतात, पाय खालच्या छोट्या सीटवर ठेवतात आणि वरात निघते. येत्या रविवारी माझी थोरली बहीण राजनंदिनीताई बसणार होती. आणि गेल्या आठवड्यात ताडकळसच्या वरातीत हीच गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. शेवटी नवरदेवाच्या मित्रांनी ढकलत नेली. तो व्हिडिओ ताईने पाहिला आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

तेवढ्यात महारुद्रकाका मोटारसायकलवरून आले. उतरले नाहीत.

"वैनी, काही कळलं का?"

"शोधायलेय."

"लिंबाजी असता तर एका दुपारीत काम झालं असतं."

"मग बोलवा त्याला," मावशी म्हणाली.

काकांनी मान खाजवली. "राग नका धरू. पण रविवारी लग्न हाय. उद्यापर्यंत झालं तर झालं, न्हाईतर गाडी नांदेडला नेतो. आन मंग बँडच्या टेम्पोचं कामबी तिकडंच जाईल, दोन दोन ठिकाणी कुठं हिंडू मी."

ते गेले. मावशीच्या हातातला टेस्टर बराच वेळ एकाच जागी टेकलेला होता.

मला गप्प बसवत नाही. मी विचारलं, "झालंय काय पण गाडीला?"

तिने स्टेअरिंगखाली लावलेला स्कॅनर दाखवला. "इंजिन फिरायलंय का न्हाई, हे कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. तो बोलंना झालाय, असं हे म्हणतंय. मी मंगळवारीच नवा सेन्सर बसवला. तरी तेच."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतोय."

"खोटं न्हाई. त्याला ऐकू येईना झालंय. मधी कुठंतरी वायर खराब हाय. पण दुकानात बंद पडली तर सापडंल ना! इथं घंटाभर चालू ठेवली तरी गुमान चालती. वरातीत गेली की रुसती."

तिने इंजिन चालू केलं आणि समोरची एकेक वायर हलवत गेली. इंजिन शहाण्यासारखं चालत राहिलं. माझा हात दुखायला लागला. एव्हाना कावेरी आणि श्रीनिधी हळूच अलीकडे आल्या होत्या. कावेरीने फोन काढून मला खूण केली. मावशीचं डोकं बॉनेटमध्येच होतं. मी टॉर्च श्रीनिधीकडे दिला, मागे चढले, ओढणी डोक्यावर घेतली, छोट्या सीटवर पाय रोवले आणि नवरीसारखी मान खाली घातली.

"जरा तरी लाज की गं," कावेरी म्हणाली. "नवरी हायस, पुढारी न्हाईस."

मी नीट लाजायला गेले आणि गाडी बंद पडली.

मी एक पाय खाली टाकला.

"उतरू नको," मावशी म्हणाली. पाना तिच्या हातातच होता. ती आली, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. "आता पाय ठेव. हां. दाब जरा." गाडी बंद. "उचल." किल्ली फिरवली, चालू. "दाब." बंद.

सुलामावशी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"दुकानात मागं बसतंय कोण? आन वरातीत तर मागंच बसतात. मी येडी चार दिवस झालं फुडंच शोधायलेय."

तिने छोटी सीट उचकटली, खालचं कार्पेट ओढलं. आत अक्षताच अक्षता होत्या. गुलाबी, पिवळी रंगवलेली ज्वारी, तांदूळ, सुकलेल्या पाकळ्या, चमकीचे तुकडे. त्यातच कागदी पट्ट्या कुरतडून उंदरांनी घरटं केलं होतं. कोपऱ्यात कॉम्प्युटरचा डबा होता आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी कुरतडून उघड्या पडल्या होत्या. वर पाय पडला की त्या एकमेकींना चिकटत होत्या.

"किती लग्नांच्या असतील या?" श्रीनिधी म्हणाली.

"उंदराला विचार, सगळ्या लग्नांत जेवलाय तो," मावशी म्हणाली.

मावशीने वायरी जोडल्या, सोल्डरचा डाग दिला, वरून टेप गुंडाळली. मी अक्षता झाडून काढल्या आणि कचऱ्याकडे निघाले, तशी ती म्हणाली, "तिकडं नको. पायाखाली येतील. त्या लिंबाच्या बुडाला टाक."

इंजिनच्या पंख्याची वायर मात्र जोडण्यासारखी उरलीच नव्हती. तिने नवी वायर टाकून स्टेअरिंगजवळ एक बटण बसवलं. वरातीत गाडी माणसाच्या चालीने चालते आणि इंजिन तापतं. तापायच्या आधी हे बटण दाबायचं.

"तापलं हे कसं कळणार? तापमानाचा काटा तर बंद आहे."

"वास येतो. गोडसर, गरम रबरासारखा. आला की दाबायचं."

मग तिने हात पुसले आणि स्टेअरिंगवर जाऊन बसली. "बसा तिघी मागं. वजन पायजे."

आम्ही निघालो. गावाबाहेर, ताडकळसच्या बाजूला, पहिल्या गिअरमध्ये, वरातीच्या चालीने. आम्ही मागे पाय आपटून आपटून पाहिलं. गाडीने एकदासुद्धा हिसका दिला नाही. मध्येच काहीतरी गोड वास आल्यासारखं मला वाटलं, तोवर तिचं बोट बटणावर गेलेलं होतं.

"येती की," ती म्हणाली. माझ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता आलं होतं. "ह्यांनीच शिकवली. ट्रायलला दोघं जायचो. गाव संपलं की स्टेअरिंग माझ्याकडं, गाव आलं की त्यांच्याकडं."

येताना पहिली घरं दिसली तशी तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. आम्हाला वाटलं, बंद पडली. पण इंजिन चालू होतं. तिने डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग गिअर टाकला आणि गाडी गावात घेतली.

दुकानासमोर महारुद्रकाका उभे होते. आम्ही तिघी मागे असूनही गाडी चालत आलेली पाहून ती दुरुस्त झाली हे त्यांना कळलं. नांदेडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मावशीने त्यांना बटण दाखवलं, वासाचं सांगितलं.

"आमच्या भागवतला सांगतो. रविवारी तोच ड्रायव्हर हाय."

"भागवतच्या तोंडात सदा गुटखा," मावशी म्हणाली. "त्याला कशाचा वास येणार?"

"मग मावशीच चालवतील," मी म्हणाले.

काका बुटाकडे बघायला लागले. मावशीने मात्र माझ्याकडेच पाहिलं. "वरात हाय, लेकी. सवाष्णीचं, लेकुरवाळीचं काम असतं ते. वरात मारुतीपासून निघंल, मी त्याच्या मागच्या गल्लीपर्यंत गाडी आणून देते. तिथून फुडं भागवत. गाडीला हार माझ्यादेखत नका बांधू." हे तिने वायरीचा रंग सांगावा तसं सांगितलं आणि साबण घेऊन नळावर गेली.

घरी आले तर आई रुखवताच्या करंज्या डब्यात भरत होती. पप्पा ड्युटीवरून नुकतेच आले होते, बशीत चहा ओतत होते. ताई कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. तोच व्हिडिओ बघत होती.

मी चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "पप्पा, गाडी झाली. सुलामावशीने केली."

"चांगलं झालं," पप्पा म्हणाले.

"रविवारी तीच चालवणार आहे."

आईचा हात डब्यात राहिला. "कोण, लिंबाजीची सुला? अगं पण ती..." ताईने फोन उलटा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ती हो म्हणालेली नाही, मीच ठरवलंय," मी म्हणाले. "ताई मागे बसल्यावर ती गाडी नीट चालवणारं गावात दुसरं कुणी नाही. उद्या सकाळी शाळेच्या आधी मी तिच्या घरी जाणार. अक्षता देऊन लग्नाचं आवतण देणार. आई, तू आलीस तर तुझ्यासोबत, नाहीतर एकटी. आणि वरातीत गाडी तीच चालवणार, मागच्या गल्लीपर्यंत नाही, गावातून."