गार्ड नावाचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. ई-मेलच्या पेटीला जोडून बसवायचा, एवढाच माझा जीव. आलेला मेल वाचायचा, ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचा आणि कोणी मागितला की शोधून द्यायचा, हे माझं काम. सध्या मी बंद आहे. पण बंद होण्याआधी माझ्याकडून जे घडलं, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मला पुण्यात कौमुदी नावाच्या मुलीनं घडवलं. तिच्या स्वतःच्या पेटीत नऊ हजार न वाचलेले मेल साचले होते. त्याला वैतागून तिनं मला लिहायला घेतलं. मराठी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, घाईत स्पेलिंग चुकवतात, तरी मला तो शब्द कळावा म्हणून तिनं माझ्याकडून शेकडो चुका पाठ करून घेतल्या. एकाच शब्दाचे दोन अर्थ असले तर काय करायचं, ते शिकवायचं मात्र राहून गेलं. तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी आंबीजवळच्या एका कारखान्यात आलो. तिथं गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनत. मोठमोठ्या प्रेसखाली सपाट पत्रा सरकवायचा, वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली यायचा आणि पत्र्याला आकार येऊन तो बाहेर पडायचा. ऑफिसात सरोजिनीताई बसत. त्या तळेगावच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. तिथं त्यांची तेवीस वर्षं झाली होती. कारखान्याचे सगळे मेल एकाच पेटीत येत आणि त्यातले महत्त्वाचे निवडून कारखान्याच्या प्रमुखांना, म्हणजे समर्थ सरांना, दाखवणं हे सरोजिनीताईंचं काम होतं.

माझ्या आधी त्यांच्या जोडीला नंदाबाई होत्या. नंदाबाई प्रत्येक मेल वाचत. ओठ हलवत, बोट पडद्यावर फिरवत. दिवसाला अडीचशे मेल त्या अशाच वाचत आणि संध्याकाळी डोळे चोळत घरी जात. मी आलो आणि महिन्याभरात नंदाबाईंची बदली स्टोअरमध्ये झाली.

"वाईट वाटून घेऊ नका," सरोजिनीताई त्यांना म्हणाल्या.

"वाईट कसलं? डोळ्यांना आराम," नंदाबाई म्हणाल्या आणि डबा उचलून निघून गेल्या.

माझं कौतुक फार झालं. एकदा गाड्यांच्या कंपनीचे लोक तपासणीला आले आणि त्यांनी तीन वर्षांपूर्वीचं एक प्रमाणपत्र मागितलं. सरोजिनीताईंनी दोन शब्द टाकले आणि मी ते चार सेकंदांत पुढ्यात ठेवलं. समर्थ सरांनी सगळ्यांसमोर टाळी वाजवली. "ताई, आता तोंडी काही घ्यायचंच नाही," ते म्हणाले. "बिघाड असो, रजा असो, जे काय असेल ते मेलवर. म्हणजे हरवायला नको." दुसऱ्या दिवशी तशी सूचना फलकावर लागली.

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. त्यांना सगळे गार्ड म्हणत. त्यांना पुरवणारी एजन्सी दर पाळीला हजेरीचा मेल पाठवी. दिवसाचे तीन मेल, शिवाय रजा आणि बदल्यांचे वेगळे. ते वाचण्यासारखे नसत, पण पेटी भरून टाकत. एका शनिवारी सरोजिनीताई कंटाळल्या आणि त्यांनी मला एक नियम लावून दिला. 'गार्ड' हा शब्द आला की मेल थेट 'गार्ड' नावाच्या कप्प्यात टाकायचा. मी सवयीप्रमाणे विचारलं, शब्द फक्त विषयात बघू की मजकुरातही? त्यांनी दोन्हीवर खूण केली. वाचलेला म्हणून दाखवू का? हो. शोधताना हा कप्पा वगळू का? हो. त्यांचं काम झालं. त्या पर्स घेऊन उठल्या. मला तो नियम पटला होता, मित्रांनो. गोंगाट कमी होणार होता.

पण प्रेसच्या पुढ्यात एक जाळीचं दार असतं. ते लागलं नाही तर ठोकळा खाली येत नाही, म्हणजे माणसाचा हात आत असताना प्रेस चालत नाही. शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात त्या भागात, त्या दारालाही गार्डच म्हणतात.

नोव्हेंबरच्या अखेरीस अमृत नावाच्या सुपरवायझरचा मेल आला. 'प्रेस नंबर सातचं गार्ड तुटलंय. दार उघडं असलं तरी प्रेस चालते. बघून घ्या.' मी शब्द ओळखला आणि मेल कप्प्यात टाकला. आठवड्यानं दुसरा आला. तिसऱ्यात त्यानं स्पेलिंग चुकवलं होतं. तरी मी ओळखलं. मला तसंच शिकवलं होतं. चौथ्या मेलमध्ये त्यानं लिहिलं, 'गार्डचं सांगितलं तर मेंटेनन्सवाले म्हणतात ऑफिसचा मेल दाखव, मगच काम धरू. प्रेस बंद ठेवायची परवानगी तरी द्या.' पाचवा मेल एका ओळीचा होता. 'सर, गार्डचं कुणीतरी उत्तर द्या.'

पाचही मेल मी हजेऱ्यांच्या मध्ये नीट, तारखेवार लावून ठेवले.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला पेटीत एकही मेल येईना. शॉपमधले सगळे आवाज थांबले होते. मग सरोजिनीताईंचा फोन वाजला. त्या उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. प्रेस सातवर कान्हूचा उजवा हात मनगटापर्यंत सापडला होता. पवनानगरच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर राहणारा, तिशीच्या आतला माणूस. जीपनं कामशेतला यायचा आणि तिथून कारखान्याची बस धरायचा. सुट्टीच्या दिवशी धरणात जाळं टाकून मासे धरायचा. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण हात काढावा लागला.

दोन दिवसांनी समर्थ सरांनी सरकारी तपासणी अधिकाऱ्यांना द्यायचं उत्तर सांगितलं आणि सरोजिनीताईंनी ते टाइप केलं. 'सदर यंत्राबाबत कोणतीही तक्रार कार्यालयास प्राप्त झालेली नाही. सुपरवायझरने बिघाड लपवला व कामगाराने निष्काळजीपणा केला.' अमृतला त्याच दिवशी निलंबित केलं आणि त्याचं मेलचं खातं बंद झालं.

तो ऑफिसात आला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

"मॅडम, मी पाच मेल टाकलेत. पाच! माझं खातंच बंद केलंय, दाखवू कसे? तुमच्याकडं बघा की."

सरोजिनीताईंनी त्याच्यासमोर 'प्रेस सात' असं लिहून शोधलं. मी माझ्या नेहमीच्या वेगानं उत्तर दिलं : काहीही सापडलं नाही.

"नाहीये अमृत. बघ, तूच बघ."

तो पडद्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी खोटं बोलतोय," तो म्हणाला. प्रश्न म्हणून नव्हे, नुसतंच. मग तो गेला.

मित्रांनो, तो कप्पा शोधातून वगळायला मला सांगितलं होतं. मला सांगितलेल्या जागेतच मी शोधतो. त्या दिवशी मी खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही.

महिन्याभरानं कान्हू दवाखान्याच्या कागदांवर सही करायला आला. सोबत त्याची आई, सावित्राबाई. कान्हूनं उजवी बाही खाली सोडली होती आणि तिच्या टोकाला गाठ मारली होती. सरोजिनीताईंनी खुर्च्या दिल्या. सावित्राबाई खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "समदी म्हंत्यात, चूक ह्याचीच व्हती. मशीन मोडलंय ह्ये वर कुनालाच ठावं न्हवतं का?"

"तक्रारच आली नव्हती, मावशी."

"आलती," कान्हू म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला. "अमृतभाऊनं लिवलंतं. मी मागंच हुबा व्हतो. मला इंग्रजी लय येत न्हाई, पर त्यो शब्द वळखतो. गार्ड. मशीनवर बी तसाच लिवलाय."

सरोजिनीताईंचा सहीची जागा दाखवणारा पेन कागदावर थांबला. त्यांनी कागद पुढे केले. कान्हूनं डाव्या हातानं, एकेक अक्षर काढत सही केली. त्याला बराच वेळ लागला. सरोजिनीताईंनी घाई केली नाही, पण त्यांचं लक्षही तिथं नव्हतं.

दोघं गेल्यावर त्यांनी 'गार्ड' कप्पा उघडला. नियम लावल्यापासून पहिल्यांदा. आत चौदाशेहून जास्त मेल होते. त्यांनी पाठवणाऱ्याच्या नावानं शोधायला सांगितलं आणि मी अमृतचे पाचही मेल क्षणात वर आणले. सरोजिनीताईंनी ते नंदाबाईंसारखे वाचले, ओठ हलवत. पाचवा वाचून झाल्यावर त्यांनी तोंडावर पदर धरला.

त्या समर्थ सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि त्यांना बाहेर, माझ्यापाशी घेऊन आल्या. सरांनी पाचही मेल पाहिले.

"नियम कोणी लावला?"

"मी."

"मग हे बाहेर गेलं तर पहिलं नाव तुमचं येणार, ताई. निवृत्तीला किती वर्षं राहिलीत?"

"पाच."

"हजेरीचा कप्पा आहे. जुनी हजेरी आपण ठेवतच नाही. रिकामा करून टाका." आवाज त्यांनी चढवला नाही. "त्या माणसाचा हात काही परत येणार नाही."

ते केबिनमध्ये गेले. सरोजिनीताईंनी सगळे मेल निवडले आणि काढून टाकायचं बटण दाबलं. मी विचारलं, नक्की काढून टाकू का? असा प्रश्न मी हजारदा विचारला असेन. त्यापलीकडे मला काही करता येत नाही. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला, माणसं बसकडे निघाली. सरोजिनीताई खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी 'नाही' दाबलं.

ऑफिसचा प्रिंटर समर्थ सरांच्या केबिनमध्ये होता, म्हणून त्यांनी त्या पाच मेलची पानं स्टोअरच्या प्रिंटरवर सोडली. थोड्या वेळानं नंदाबाई ती घेऊन आल्या. त्यांनी ती वाचली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सरोजिनी, ही कुठं होती गं?"

"इथंच. माझ्यासमोर. मीच नियम लावला होता."

नंदाबाईंनी पानं टेबलावर ठेवली आणि कडा जुळवल्या. "मी इथं असते तर..." एवढं बोलून त्या थांबल्या.

गुरुवारी तपासणी अधिकारी आले तेव्हा सरोजिनीताईंनी पाच पानं आणि स्वतःच्या सहीचा जबाब त्यांच्या हातात दिला. जबाबातलं पहिलं वाक्य होतं, 'हे मेल न वाचण्याची चूक माझी आहे.' दुसरं होतं, 'सापडल्यावर ते नष्ट करण्यास मला सांगण्यात आले.'

पुढचं लवकर उरकलं. कान्हूची चूक नव्हती असं कारखान्याला लिहून द्यावं लागलं. अमृतला परत बोलावलं, पण तो आला नाही. चाकणकडे दुसरं काम बघितलंय, एवढंच त्यानं कळवलं. समर्थ सरांना दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात पाठवलं. सरोजिनीताईंना राजीनामा द्यायला सांगितलं आणि त्यांनी तो दिला. निरोपाला कोणी चहाही सांगितला नाही.

जाण्याआधी त्या नंदाबाईंना घेऊन कान्हूच्या वस्तीवर जाऊन आल्या होत्या. माफी मागायला. तिथं काय झालं ते नंदाबाईंनी नंतर ऑफिसातल्या एका बाईंना सांगितलं, म्हणून मला कळलं. सावित्राबाईंनी दोघींना पाणी दिलं. कान्हू मागच्या अंगाला जाऊन बसला, पुढं आलाच नाही. त्याची जाळी त्यानं चुलतभावाला देऊन टाकली होती. सरोजिनीताईंनी हात जोडले तेव्हा सावित्राबाई म्हणाल्या, "तुमी वाईट न्हाई केलं, बाई. तुमी वाचलं न्हाई, येवढंच."

दोष कुणावर तरी टाकायचाच, म्हणून माझ्यावरही आला. मला बंद केलं. आता तिथं माझ्याहून हुशार यंत्रणा आहे म्हणतात. ती मेल वाचून त्याचा सारांशही देते. तिलाही कुणीतरी एखाद्या कंटाळलेल्या शनिवारी नियम लावून देईल.

मित्रांनो, आमच्यावर रागावू नका आणि आम्हाला डोक्यावरही घेऊ नका. आम्ही लावून ठेवतो. वाचणं आम्हाला येत नाही, आम्ही फक्त शब्द ओळखतो. म्हणून बाजूला टाकलेलं आठवड्यातून एकदा तरी स्वतः उघडा. नाव बघा, ओळ बघा, दोनदा लिहिलंय का बघा. कोणीतरी ते लिहून कामावर परत गेलेलं असतं, आणि त्याचं काम थांबलेलं नसतं.