पाणी ओतायला कुणीतरी

ताईच्या लग्नात पार्लरवालीने मेघालीच्या केसांवर एवढा स्प्रे मारला होता, की दुसऱ्या दिवशी दोनदा शाम्पू लावूनही ते चिकटच राहिले. शेवटी तिने तांब्यातल्या पाण्यात लिंबू पिळलं, अंगणात ओणवं होऊन ते टाळूवर चोळलं आणि डोळे मिटून सवयीने हाक मारली, "ताई, पाणी ओत गं!"

कुणीच ओ दिली नाही. लहानपणापासून दोघी एकमेकींची डोकी धूत आल्या होत्या. मेघाली तशीच वाकून राहिली.

जरा वेळाने डोक्यावर पाण्याची धार पडली. बाबा बादलीपाशी येऊन उभे होते.

"निघतंय का गं?"

"निघतंय."

"तिचे केस पन असेच झाले असतील," बाबा म्हणाले. "तिला तिकडं कोन पानी ओतंल?"

ओल्या केसांनीच मेघालीने ताईला फोन लावला. ताईने तो लगेच उचलला, तशी मेघालीने विचारलं, "तिकडे केस धुताना कुणी पाणी ओतलं का गं?"