हिलालचा ठेका पळतो कुठे

प्लेगच्या साथीला दोन वर्षं होत आली होती. तेव्हा भीतीने गावाकडे पळालेली माणसं केव्हाच सुरतेला परतली होती, कापडाचे लूम पुन्हा दिवसरात्र खडखडत होते, आणि डिंडोलीत उखाच्या खोलीपुढच्या ओट्यावर गाण्याच्या पार्टीतले चौघे चहा पीत बसले होते. चौघांपैकी तिघं बोलत होती. चौथा हिलाल. तो ढोलकी वाजवायचा, आणि बोलणं त्याच्याच ढोलकीबद्दल चाललं होतं.

"दादा, राग मानू नका," नरेंद्र म्हणाला. नरेंद्र पार्टीचा प्रमुख, पेटीवर बसायचा. रेल्वेत नोकरीला होता, त्यामुळे बोलताना मधूनमधून मनगटावरचं घड्याळ बघायची त्याला सवय होती. "पण ओळीने तीन कार्यक्रम झाले. सुरुवात बरी होते. दुसऱ्या कडव्याला तुमचा ठेका जो पळत सुटतो तो हाती लागत नाही. विशाखा बिचारी मागून धापा टाकत येते."

"मी काही बिचारी नाही," विशाखा म्हणाली. ती नरेंद्रची धाकटी बहीण. दिवसा घरी साड्यांना टिकल्या लावायची आणि पार्टीत गायची. "पण काका, खरं सांगू? त्या दिवशी माझी ओळ संपायच्या आधी तुम्ही समेवर जाऊन बसला होतात. जणू माझी वाट बघत."

उखा झांजा वाजवायचा. हिलालच्याच वयाचा, त्याच्याच गावाकडचा, आणि त्याच्यासारखाच लूमवर काम करणारा. तो हसून अहिराणीत म्हणाला, "तुन्हा हात पयस तरी कथा रे हिलाल? गाडी चुकी राह्यनी का तुन्ही?"

नरेंद्र हसला नाही. "येत्या रविवारी चलथाणला बारसं आहे. साखर कारखान्याच्या कॉलनीत. पांडुरंग म्हणून टाइमकीपर आहेत, त्यांच्या नातीचं. तिथे नीट झालं तर कॉलनीतली सगळी कार्यं आपल्याला मिळतील. आणि नाही झालं..." त्याने घड्याळाकडे बघितलं. "उधन्यात एकाकडे कीबोर्ड आहे, दादा. ठेका त्याच्या आतच असतो. बटण दाबलं की सुरू."

पुढचं तो बोलला नाही, पण हिलालला ते कळलं. ठेका कीबोर्डात बसून आला की ढोलकीवाल्याने बसायचं कुठे? बघ्यांमध्ये.

दुसरा कुणी असता तर तणतणत उठून गेला असता. हिलाललाही वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त त्याला नवल वाटत होतं. खानदेशात, पारोळ्याकडच्या त्याच्या गावात तो सात वर्षांचा असल्यापासून कानबाई देवीच्या उत्सवातल्या गाण्यांना वाजवत आला होता. चाळीस वर्षांत हात कधी पळाला नव्हता. आणि आताही सगळीकडे पळत नव्हता. हीच तर गंमत होती. पळतो तर कधी कधीच का पळतो?

"कुठे कुठे पळाला नाही, ते सांगा," तो एकदम म्हणाला.

"म्हणजे?"

"चांगलं कुठे झालं होतं? एकेक आठवून सांगा. ठिकाण सांगा."

विशाखाला अशा गोष्टी सांगायला आवडायचंच. "लिंबायतची हळद! मांडव एवढासा की मला धान्याच्या कोठीवर चढवून बसवलं होतं. नवरीची आत्या हळद लावता लावता माझ्याच गालाला लावून गेली. मी गात होते म्हणून काही बोलता येईना. पण तुमचा ठेका झकास होता हं काका. बायका उठून नाचल्या."

"नाचतीन नही तं काय," उखा म्हणाला. "बसाले जागाच कोठे व्हती?"

"आणि कतारगाम," नरेंद्रलाही आता राहवेना. "तो माडीवरचा हिऱ्याचा कारखाना. आठवतं? आपण सुरुवात केली आणि नेमका एका कारीगराच्या हातून हिरा सांडला. शेठ म्हणाला, कोई हलशो नहीं. मग सगळी माणसं हातापायांवर रांगत हिरा शोधायला लागली, आणि शेठ आपल्याला म्हणतो, तुम्ही चालू ठेवा, गाणं असलं की नजर शांत राहते."

"एकबी माणूस आपलाकडे पाहे ना," उखा म्हणाला. "समदी पाठ आपलाकडे. मी झांज वाजाडू का खाले पाहू?"

"हिरा सापडला तेव्हा टाळ्या पडल्या. आम्हाला वाटलं गाण्याला पडल्या," विशाखा म्हणाली, आणि चौघंही हसली.

हिलालने हसू आवरलं. "ठेका?"

"पहिल्या वेळी अगदी बरोबर," नरेंद्र म्हणाला. "दुसऱ्या वर्षी त्याच शेठने बोलावलं. गादी घातलेली, फाफडा-जलेबी दिली, कुणाचा हिरा सांडला नाही. आणि तुम्ही सुटलात, दादा. त्या दिवसापासूनच सुरू झालं हे."

"जागा तीच, माणसं तीच. मग वेगळं काय होतं?"

कुणाला सांगता येईना. नरेंद्र म्हणाला पंखा नवीन होता. उखा म्हणाला फाफडा जास्ती झाला. विशाखा मात्र कप हातात धरून विचार करत राहिली. "पहिल्या वेळी मला ओरडून गावं लागलं होतं," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर लूमचा आवाज होता ना. दुसऱ्या वेळी खाली बंद होतं. सुट्टी होती त्यांची."

हिलालने कप ओट्यावर ठेवला. "लिंबायतला मांडवामागे काय होतं?"

"लिंबायतला मांडवामागे काय असणार, काका? लूमच."

"आणि बुद्धविहारात झाला तो कार्यक्रम? तिथे पळाला होता."

"विहारात कसला आवाज? सगळे शांत बसले होते."

हिलाल उठला. उखाच्या खोलीत ढोलकी टांगलेली होती, ती त्याने काढली. गेली चार वर्षं पार्टीचा सगळा सराव याच खोलीत होत असे. खोलीची मागची भिंत म्हणजे पलीकडच्या लूमच्या कारखान्याचीच भिंत. तिला पाठ लावून बसलं की मणक्यात खटक-खट, खटक-खट जाणवायचं. इतकी वर्षं ऐकून ते कुणाला ऐकूच येत नसे.

"नरेंद्र, घड्याळ काढ. विशाखा, तू म्हण. एका मिनिटात माझे ठोके किती पडतात ते मोज."

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा सारखाच आला, एकानेही इकडेतिकडे नाही. मग हिलाल सगळ्यांना घेऊन चाळीच्या मागे, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या मोकळ्या माळावर गेला. तिथे बाभळी होत्या आणि दोन म्हशी होत्या, दुसरं काही नव्हतं. विशाखाने तेच गाणं म्हटलं. पहिल्या कडव्याला आकडा जवळपास तोच होता. दुसऱ्याला बारा ठोके वाढले. तिसऱ्याला विशाखाने हात जोडून गाणंच थांबवलं. म्हशींनी माना वर करून बघितलं.

"भिंत," हिलाल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू कारखान्यात सांडलेला हिरा त्यालाच सापडला होता. "आपला ठेका भिंतीने धरलाय रे! मी आठ लूम चालवतो. आठांच्या गोंगाटात एक बिघडला तरी कान सांगतो कुठला. म्हणजे माझा कान आवाजातून एक लूम वेगळा काढतो आणि त्याला धरून बसतो. ढोलकी वाजवतानाही तेच करतोय. मला कळलंच नाही."

उखा आ वासून ऐकत होता. त्याने आपल्या झांजांकडे बघितलं, जणू त्यांचाही यात काही हात असावा.

नरेंद्र मात्र हळूच म्हणाला, "म्हणजे दादा, तुम्ही इतके दिवस मशीनवरच वाजवत होता. मग मशीन आणलं तर काय वाईट?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर हिलालने उलटा मारला असता. ते सरळ बोलणं होतं. स्वतःच शोधून काढलेली गोष्ट स्वतःवरच उलटली होती. तो ढोलकी काखेत मारून घरी गेला.

रविवारला पाच दिवस होते. पाचही दिवस हिलाल पाळी सुटल्यावर तोंडावर पाणी मारायचा आणि तसाच माळावर जायचा. त्याची बायको उषाबाई शेजारणीला म्हणाली, "म्हशींना गाणं शिकाडी राह्यनात." तो माळावर बसायचा, वाजवायचा, थांबायचा. हात पळाला की त्याला रागावण्याऐवजी तो बघत बसे, अरे, आता कुठे निघालास?

तिसऱ्या दिवशी त्याला एक गोष्ट दिसली. हात पळत नव्हता, शोधत होता. समोरून काही येत नाही म्हटल्यावर पुढे जाऊन बघत होता. अनोळखी जिना उतरताना पाय जसा पुढची पायरी चाचपतो, तसा. म्हणजे हाताला कुणाचं तरी ऐकायची सवय होती. लूम सुरतेत आल्यावर मिळाला. त्याआधी गावात हात कुणाचं ऐकत होता?

चौथ्या दिवशी त्याला आठवलं. कानबाईच्या वेळी बायका आधी गाणं धरायच्या. सात वर्षांचा हिलाल ढोलकी घेऊन खाली बसायचा, त्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि मग हळूच आत शिरायचा. सुरतेच्या पार्टीत रीत उलटी झाली होती. इथे आधी ढोलकीने चार ठोके द्यायचे आणि गाणारीने त्यावर चढायचं, चालत्या गाडीत चढावं तसं. ही रीत कुणी पाडली हेही कुणाला माहीत नव्हतं.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून हाती आलं नव्हतं.

चलथाणच्या कॉलनीत दुपारी चार वाजता बारसं होतं. व्हरांड्यात लाकडी पाळणा, त्याला कागदी फुलं, आणि पंचवीस-तीस बायका दाटीवाटीने बसलेल्या. उसाचा हंगाम संपून कारखाना बंद झाला होता. धुराडं थंड उभं होतं. पाळण्याची कडी कुरकुरली तरी ऐकू येई.

"शांत आहे की नाही आमच्याकडे?" पांडुरंग कौतुकाने म्हणाले. "तुमच्या सुरतेसारखी खडखड नाही."

उखाला ठसका लागला. नरेंद्रचा चेहरा पडला.

पेटीचा सूर लागला. नरेंद्रने हिलालकडे बघून मान हलवली, म्हणजे द्या ठोके. हिलालचे हात मांडीवरच होते.

"विशाखा, तू म्हण," तो हळूच म्हणाला.

"काका, ठेका?"

"आधी तू म्हण."

नरेंद्रने डोळे मोठे केले. पण तीस बायका बघत होत्या, भांडायला जागा नव्हती. विशाखाने पाळणा म्हणायला सुरुवात केली, जरा घाबरतच. आधार नसल्यामुळे ती सावकाश गायली. हिलाल तिच्याकडे बघत होता. ओळ संपली की तिचा डावा खांदा किंचित वर जायचा आणि श्वास आत जायचा. कधी तो श्वास लांब असे, कधी आखूड. अख्खं कडवं त्याने नुसतं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला खांदा वर गेला आणि त्याने बोटाच्या टोकाने एकच ठोका दिला. मग दुसरा. उखाने झांज उचलली आणि तीही तिथेच येऊन बसली.

इतक्या संथ लयीत ही पार्टी कधी वाजली नव्हती. बाळाची आजी गाण्याच्या तालावर पाळण्याची दोरी ओढायला लागली, तेव्हा कुठे नरेंद्रच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या.

दुसरं गाणं ठीक झालं. तिसरं चढ्या लयीचं होतं, आणि त्यात हिलालचा हात पुन्हा शोधायला निघाला. दोन ठोके पुढे गेला, तीन गेला. पूर्वी तो त्याच्यामागे धावला असता. आता त्याने दोन्ही हात ढोलकीवरून उचलले. व्हरांड्यात एकटी विशाखा गात राहिली, एक ओळ, दीड ओळ. बायकांना वाटलं हे असंच असतं, त्यांनी त्या मोकळ्या जागेत टाळ्या धरल्या. खांदा वर गेला. हिलाल आत आला.

कार्यक्रम संपल्यावर घुगऱ्या वाटल्या. पांडुरंग नरेंद्रजवळ येऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा आहे. त्यालाही याल ना? ते मधेच गाणं मोकळं सोडलंत, ते फार आवडलं बायकांना. ढोलकीवाले हेच येतील ना?"

नरेंद्रने घुगऱ्यांचा घास गिळायला वेळ घेतला. हिलाल ढोलकीच्या दोऱ्या सैल करत होता, पण त्याची बोटं थांबली होती.

"हेच येतील," नरेंद्र म्हणाला. "पण ते आपल्या मर्जीने वाजवतात. आधी ऐकून घेतात."

पांडुरंग गेल्यावर तो हिलालपाशी येऊन बसला. आवाजात अजून थोडा राग होता आणि त्याहून जास्त कुतूहल. "मला निदान सांगायचं तरी, दादा. माझा जीव गेला होता. आत कधी यायचं हे तुम्हाला कळत कसं होतं? घड्याळ नाही, भिंत नाही."

"हिचा डावा खांदा," हिलाल म्हणाला. "श्वास घ्यायच्या आधी वर जातो."

"माझा?" विशाखाने खांद्याकडे बघितलं. "काही जात नाही."

"जातो. आणि चढी ओळ असली की श्वास आखूड असतो."

विशाखाने तिथल्या तिथे एक ओळ म्हणून बघितली, डोळा खांद्यावर ठेवून. मध्येच ती थांबली आणि खुदकन हसली. "अहो काका, हे काय करून ठेवलंत? आता मला श्वासच घेता येईना!"

"थांब, पुन्हा म्हण," नरेंद्र घड्याळ काढत म्हणाला, "मलाही बघू दे."