चौदा इंचांच्या आतले

जानेवारीतल्या त्या शनिवारी अलाबामात सकाळ अशी उजाडली की कोटाची बटणं आपणहून सुटावीत. दक्षिणेचा वारा ओलसर, उबदार, लाडात आलेला. मिस ओपलच्या तळ्यावर तो हलकेच फुंकर घालत होता आणि पाणी गुदगुल्या झाल्यासारखं अंग चोरत होतं. लमार पेटसला मात्र हसू येत नव्हतं. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा सहासष्ट वर्षांचा गडी टोपी हातात धरून लाकडी धक्क्यावर उभा होता. समोर मिस ओपल. अंगात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा कोट.

"पंधरा," ती म्हणाली. "चौदा इंचांच्या आतले पंधरा बास मासे. बारा वाजेपर्यंत या बर्फाच्या पेटीत मेलेले दिसले पाहिजेत. नाहीतर फाटकाची चावी इथं ठेवायची आणि घरचा रस्ता धरायचा."

"मिस ओपल, तेवीस वर्षं येतोय मी या तळ्यावर."

"आणि तेवीस वर्षं बारके सोडतोयस. माशांचा डॉक्टर येऊन बघून गेला. तळ्यात तोंडं फार, खायला काही नाही. सगळे बास नुसती डोकी, मागं शेपटी लोंबतेय. बारके काढले तर उरलेले अंग धरतील. तीन हिवाळे हेच सांगतेय. तू मान हलवतोस आणि सोडतोस. माझ्याकडे दुर्बीण आहे, लमार. तू त्यांचे मुके घेतोस तेही दिसतं मला."

होडीत बसलेल्या ओडेलला, म्हणजे लमारच्या बायकोच्या भावाला, तोंडातल्या बिस्किटाचा ठसका लागला.

लमार तरी काय करणार? त्या मुलखात बास धरावा, त्याच्यासोबत फोटो काढावा आणि पाण्यात सोडून द्यावा, अशी रीत. बास तळून खाणाऱ्याकडे लोक चर्चमध्येसुद्धा तिरक्या नजरेनं बघत. लमारचा उजवा हात त्या रीतीत चाळीस वर्षं मुरलेला. मासा गळातून सुटला की हात आपला पाण्याकडे वळायचा, मालकाला न विचारता. आणि खाजगी तळ्याचा कायदा नेमका उलटा: मोठा सोडा, बारका मारा.

होडी निघाली तेव्हा पश्चिमेकडे आभाळ करपलेल्या तव्यासारखं काळं होत चाललं होतं. दुपारपर्यंत थंडी कोसळणार, असं रेडिओवर सांगितलं होतं. हवा अशी बदलायला लागली की तळाशी सुस्तावलेल्या माशांना एकाएकी भूक लागते.

पहिलाच झटका असा बसला की गळाची काठी कमान झाली. लमारनं रीळ आवळलं, होडी हेलकावली, आणि पाण्यातून एक अजस्र तोंड वर आलं. त्यात ओडेलची टोपी सहज मावली असती.

"नऊ पौंड," ओडेल कुजबुजला. "जास्तच असेल."

"हात मेल्या," लमार करवादला. "याला आत्ताच यायचं होतं?"

"लोक अशा माशासाठी बायका सोडतात."

"मग तू ने घरी. मला बारका पाहिजे."

सोडला. पुढचा सात पौंडांचा. सोडला. त्यापुढचा त्याहून थोराड. एरवी लमारनं यातल्या एकेका माशावर आख्खा उन्हाळा गप्पा हाणल्या असत्या. आज तो प्रत्येक पाठमोऱ्या शेपटीला शिव्या देत होता. उरलेले उपाशी असतील, पण ही धेंडं बारक्यांना खाऊनच पोसलेली दिसत होती.

"मिस ओपलला सांग," ओडेल म्हणाला, "तिचं काम हेच करतायत. यांनाच दे म्हणावं चावी."

मग वाऱ्यानं कूस बदलली. दक्षिणेचा लाड संपला आणि उत्तरेकडून असा गारठा आला की कानांच्या पाळ्या बधिर झाल्या. पाऊस आडवा, पाऊस तिडवा, पाऊस मानेतून पाठीत. मोठे मासे खोल गेले आणि बांधाच्या कडेला बारक्यांची झुंबड उडाली. लमार एकामागून एक ओढू लागला. ओडेलनं युक्ती काढली. गळाला मासा दिसला रे दिसला की तो झडप घालून लमारच्या हातात पडण्याआधीच हिसकावायचा, काठीच्या मुठीनं टाळकं शेकायचा आणि पेटीत टाकायचा.

"दे इकडं. बघू नकोस त्याच्याकडे."

"बघत नाहीये."

"बघतोयस. ओठ पुढं आलेत तुझे."

अकरा वाजता पेटीत चौदा झाले, आणि पाऊस थांबला. ढग झाडून काढल्यासारखे गेले. मागं उरलं निळंशार, काचेसारखं कडक आभाळ. सुंदर, आणि मासेमारीला कुचकामी. तळ्यातल्या सगळ्या बासांनी तोंडं शिवून घेतली. पावणेबारापर्यंत दोरी हललीसुद्धा नाही. मिस ओपल धक्क्यावर येऊन उभी राहिली. लमारनं होडी धक्क्याशी आणली आणि शेवटचा उपाय म्हणून गळाला लावलेला रबरी किडा खांबांच्या सावलीत सोडला. ओडेलची बोटं आता काठीही धरेनात, म्हणून तो थर्मासातली कॉफी ओतून घेत होता.

नेमकी तेव्हा दोरी हलली.

हळूच, कुणी बाही ओढावी तशी. लमारनं झटका दिला. बारा इंचांचा, डोक्यानं मोठा, अंगानं काटकुळा बास वर आला. पंधरावा. तेवीस वर्षांची सकाळ, धुकं, बगळे, फाटकाची ती करकर, सगळं त्या एवढ्याशा जिवाच्या वजनात आलं होतं. लमारनं गळ काढला. मासा त्याच्याकडे बघत होता. ओडेलचे दोन्ही हात कपात गुंतलेले.

आणि तो हात वळला. वाकला, पाण्यात मनगटापर्यंत गेला, मुठीची पकड सैल झाली. शेपटीची एक हालचाल, संपलं.

ओडेलनं टोपी खाली ओढून तोंड झाकलं. लमारनं ओल्या पंज्याकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा होता. मग त्यानं खिशातून चावी काढली आणि धक्क्याच्या फळीवर ठेवली.

"मी मुद्दाम नाही केलं, मिस ओपल."

"ते मला दिसलं," ती म्हणाली. "ओडेल, उतर होडीतून. स्वयंपाकघरात शेगडी पेटलीय, ग्रिट्स आहेत, मक्याची गरम पेज. जा."

ओडेलला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो उतरला आणि मिस ओपल कोट सावरत होडीत आली. नवरा गेल्यापासून दोन हिवाळ्यांत ती या होडीत बसली नव्हती. फळीवर हात टेकून ती क्षणभर तशीच थांबली, मग बसली आणि लमारच्या हातातली काठी घेतली.

तिसऱ्या फेकीला तिनं एक बारका ओढला. गळ काढला, काठीच्या मुठीनं टाळक्यावर एक घाव, पेटीत. डोळ्याची पापणी लवली नाही.

"बारा वाजून गेले," लमार पुटपुटला.

"तळं माझं, घड्याळ माझं." तिनं चावी उचलून कोटाच्या खिशात टाकली. "ही आता माझ्याकडे राहील. पुढच्या शनिवारी सहाला दार वाजव. कॉफी तू आणायची. मासे मी काढीन."

"मग मी काय करू?"

"दोन्ही हात वल्ह्यावर ठेव. मला नीट दिसतील असे."

लमारनं वल्ही धरली. थंडीनं निळ्या पडलेल्या त्या पाण्यावर होडी बांधाकडे सरकू लागली. मिस ओपलच्या काठीची दोरी पुन्हा हलली, आणि लमारनं मुकाट दुसरीकडे मान फिरवली.