टाकीतले पेट्रोल आणि शिंपीकाका

मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माझ्या पहिल्या मालकाने मला विकण्याआधी इतके चकचकीत पुसले, की तेव्हाच मला वाटले, इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.

मला विकत घेतले ताईने. घरोघरी जाऊन ती तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेते आणि लॅबमध्ये पोचवते. घरी फक्त तिची आई. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे समोरचे शिंपीकाकांचे दुकान हेच तिचे जग. तिथे बसून ती शर्टांना बटणे लावायची आणि शिंपीकाकूंबरोबर साऱ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. मी त्याच दुकानाशेजारी उभी असायची.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग माझे पेट्रोल कमी होऊ लागले. संध्याकाळी टाकी भरावी, तर सकाळी पातळी खाली. सुरू होतानाही मी नखरे करायची. ताई बटण दाबून दाबून थकायची. पुढे बॅटरीनेही मान टाकली, हॉर्न नुसता कण्हायचा. ती बॅटरी काकांनीच ओळखीच्या दुकानातून आणून बसवली होती. ताईच्या मनात पाल चुकचुकली. नवी म्हणून जुनीच तर माथी मारली नाही ना? आणि पेट्रोल? माझ्याजवळ सारखी कुणाची ये-जा असते? माझाही संशय काकांवरच होता. येता-जाता तो माणूस माझ्याकडे जरा जास्तच बघायचा.

एकदा काका म्हणाले, गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो, कुणाला तरी दाखवून घे. चोराच्या उलट्या बोंबा, असे ताई घरी येऊन आईला म्हणाली. उगीच कुणावर आळ घेऊ नये, असे आईने समजावले, पण ताईने ते कानाआड केले.

मग एका संध्याकाळी ताईने खिडकीतून पाहिले. काका माझ्याजवळ वाकले होते आणि त्यांचा हात टाकीखाली, थेट पेट्रोलच्या कॉकवर, म्हणजे तोटीवर होता. ती तडक बाहेर आली.

"काय करताय?"

"कॉक बंद करतोय. तू उघडाच ठेवतेस. आत सगळं कापड आहे माझं, ठिणगी पडली तर?"

"आणि रोज पेट्रोल कमी होतं, ते काय हवेत उडतं?"

जाणारी-येणारी माणसे थांबली. काका आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून आई घरातच बसली. तिला फार एकटे वाटायचे. ती जेवण अर्धे टाकून उठायची.

ताईने माझ्या टाकीच्या झाकणाला नवे कुलूप बसवले. पेट्रोल तरीही कमी झाले. तेव्हा कुठे ती मला ढकलत मेकॅनिककडे घेऊन गेली. तो कुणाच्याच सांगण्यावर विश्वास ठेवत नव्हता, म्हणून मला आवडला. त्याने माझा कार्बोरेटर उघडला. आत येणारे पेट्रोल अडवणारी सुई झिजली होती. कॉक उघडा राहिला की पेट्रोल भरून वाहायचे, खालच्या नळीतून जमिनीवर गळायचे आणि सकाळपर्यंत उडून जायचे. मग त्याने किक मारून मला सुरू केले, बॅटरीला मीटर लावला आणि इंजिन रेस केले. आकडा जागचा हलेना. बॅटरी चांगलीच होती, तिला चार्जिंग मिळत नव्हते. तिच्याकडे वीज पोचवणारा रेक्टिफायर जळला होता.

"ताई, चोर तुमच्या गाडीतच बसलाय," तो म्हणाला.

ताईचा चेहरा उतरला. मलाही लाज वाटली.

परत आल्यावर ती थेट काकांच्या दारात गेली आणि चुकले म्हणाली. आता हा माणूस उट्टे काढणार, असे मला वाटले. काकांनी मशीन थांबवले.

"आईंना पाठव. त्यांची बटणं तशीच पडलीत. तुझ्याशी बोलायला मात्र मला वेळ लागेल."

आई लगेच गेली. ताई बराच वेळ दाराबाहेर उभी राहिली.

मित्रांनो, माझी सुई बदलली, रेक्टिफायर नवा आला, आता मी पहिल्या झटक्यात सुरू होते. जुन्या गाडीला जपा. उतरल्यावर कॉक बंद करा. काही बिनसले, तर आधी गाडी तपासा, मग माणसांकडे बघा. काका आजही माझ्याजवळून जातात, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून.